तुम्ही विचारलंत म्हणून: झाडं बघायला आहुप्यापर्यंत?

“दरवर्षी मार्चमध्ये वडिलांना घेऊन एवढ्या लांब जाता, ते नुसती झाडं बघायला? पुण्यात एम्प्रेस गार्डन आहे की!” सोसायटीत, ऑफिसात, लग्नकार्यात, कुठेही कुणीतरी हे विचारतंच. एम्प्रेस गार्डन मला मनापासून आवडतं, तिथली झाडंही थोर आहेत. पण ती बाग आहे. वडिलांना मला दाखवायचं होतं ते आपलं आपण वाढलेलं झाड.

वडील सुतार. आयुष्यभर भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून माल आणला. कुठलं लाकूड पावसाळ्यात फुगेल, कुठलं चिरेल, हे ते नुसता हात फिरवून सांगतात. झाड म्हणजे त्यांच्या लेखी घनफूट.

पहाटे पाचला निघायचं. नाशिक रस्त्याने मंचर, तिथून घोडेगाव, मग डिंभे धरणाच्या पाण्याकडेने वळणं घेत सह्याद्रीच्या कड्यापर्यंत. आहुपे हे भीमाशंकर अभयारण्यातलं गाव, वस्ती मुख्यतः महादेव कोळ्यांची. अभयारण्य १९८५ साली झालं, गावाने राखलेली देवराई, म्हणजे देवाच्या नावाने सोडलेलं रान, त्याच्या कितीतरी आधीची. वेशीपासची चप्पल काढायची जागा आली की बाहेरचं ऊन संपतं.

पहिल्या वर्षी वडील आत शिरले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. एका आंब्यापाशी थांबले. मी, वडील आणि सोबत आलेले गावातले आजोबा अशा तिघांनी हात पसरले तेव्हा कुठे बोटांना बोटं लागली. पहिली फांदी इतक्या वर की मान मागे टाकूनही नीट दिसेना. त्यांनी सालीवर तळवा ठेवला आणि म्हणाले, “एवढा बुंधा मी करवतीखाली पाहिलाय. उभा नव्हता पाहिला.” तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर खरं तर एवढंच आहे.

बाकीचं सगळं तिथे गेल्यावर हळूहळू कळत जातं. हिरडा, जांभूळ, मार्चमध्ये जांभळ्या फुलांनी लगडलेली अंजनी. गारंबीचा वेल तर माणसाच्या मांडीएवढा जाड, एका झाडावरून दुसऱ्यावर चढलेला, त्याच्या शेंगा हातभर लांब. फांद्यांच्या टोकाला काटक्यापानांचे गोळे दिसले तर ती शेकरूची, म्हणजे मोठ्या रानखारीची, घरटी. शेकरू जमिनीवर फारसं उतरत नाही, झाडावरून झाडावर झेपावतं. म्हणून त्याला एखादं मोठं झाड पुरत नाही, फांदीला फांदी लागलेलं अख्खं रान लागतं. जांभळाजवळ वडील मला सांगत होते, हे लाकूड पाण्यात कुजत नाही, म्हणून विहिरीच्या तळाशी घालायचे.

“किती वर्षांचं असेल हो?” हे मला हमखास विचारतात. मी आकडा सांगत नाही. सागाच्या ओंडक्यावर वर्षाची वलयं स्पष्ट दिसतात, वडिलांनी ती हजारदा मोजलीत. सदाहरित रानातल्या बहुतेक झाडांत ती अशी नीट उमटत नाहीत. आणि देवराईतलं झाड कापून बघणार कोण? इथला नियम कडक आहे. कुऱ्हाड तर नाहीच, वाळून पडलेलं लाकूडही चुलीसाठी उचलायचं नाही. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि आपल्या पुण्यातलेच वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतल्या अशा देवरायांच्या नोंदी केल्या. आजूबाजूचे डोंगर बोडके झाले तरी या राया उभ्या राहिल्या त्या देवाच्या धाकामुळे आणि गावाच्या शब्दामुळे. मला त्या गावांबद्दल फार कृतज्ञता वाटते. शहरात रस्तारुंदीत वड जाताना पाहिले की आणखीनच.

पहिल्या वर्षीची एक गोष्ट राहिलीच. वडिलांचे गुडघे दुखतात. निघताना त्यांनी खाली पडलेली एक सरळ काठी टेकायला उचलली. सोबतचे आजोबा हळूच म्हणाले, “बाबा, ती ऱ्हाऊ द्या. हितलं काय न्यायचं नसतं.” वडिलांनी काठी पुन्हा जिथे होती तिथेच ठेवली, नमस्कार केला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून उतरले.

तेव्हापासून आम्ही काठी घरूनच नेतो. तुम्हीही न्या.