इंजिन नसलेल्या गाडीचे पासिंग: आमच्या पहिल्या कॅरॅव्हॅनचा अनुभव

कोकणात मोटारीमागे कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरचे छोटे घर, जोडून फिरता येते का, असे मला अनेक जण विचारतात, आणि विचारताना त्यांच्या मनात घाट, वळणे आणि अरुंद रस्ते असतात. त्यांना मी खात्रीने सांगतो की घाट उतरतो, वळण बसते आणि अरुंद रस्त्यावरही मार्ग निघतो. आमची कॅरॅव्हॅन खरी अडकली ती आरटीओ कार्यालयातल्या एका टेबलावर. त्या गोष्टीला आता बराच काळ लोटला असला, तरी त्या टेबलाची आठवण झाली की माझा संताप पुन्हा जागा होतो. आणि पुढे जे या वाटेने जातील त्यांचा तरी वेळ वाचावा, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आमची गाडी म्हणजे मोटर कॅरॅव्हॅन नव्हे. मोटर कॅरॅव्हॅनला स्वतःचे इंजिन असते आणि ती चालवत नेतात. आमची टूरिंग कॅरॅव्हॅन एका आसाची, दोन चाकांची, भारासह साधारण हजार किलोंची आहे, आणि ती आमच्या डिझेल गाडीच्या मागे, मोटारीच्या मागे बसवलेल्या ५० मिलिमीटरच्या लोखंडी गोळ्यावर हूक बसवून ओढली जाते. आत दोघांची झोपण्याची सोय, ओटा, पाण्याची टाकी आणि छोटी मोरी आहे. कर्नाटकातील एका कारखान्यात ती बांधून घेतली. पैसे, मोजमापे, रंग हे सगळे ठरल्याप्रमाणे झाले, तिथेच तात्पुरती नोंदणी मिळाली आणि आंबोली घाटाने ती खाली कोकणात आणली, यापलीकडे त्या टप्प्याबद्दल सांगण्यासारखे काही नाही.

कायद्याची बाजू मी आधीच वाचून ठेवली होती. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २(२८) मधील मोटार वाहनाच्या व्याख्येत ट्रेलरचा स्पष्ट समावेश आहे आणि कलम ३९ नुसार नोंदणीशिवाय असे वाहन रस्त्यावर आणता येत नाही. म्हणजे इंजिन नसले तरी नोंदणी हवीच, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. नमुना २० मधील अर्ज, कारखान्याचे नमुना २१ मधील विक्री प्रमाणपत्र, नमुना २२ मधील रस्तायोग्यतेचे प्रमाणपत्र, विमा, बिल, पत्त्याचा पुरावा आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६ खालील चाचणी संस्थेच्या मान्यतेची प्रत, असा जाडजूड गठ्ठा घेऊन मी पहिल्यांदा त्या कार्यालयात गेलो.

मोटार वाहन निरीक्षकांनी गाडी नीट पाहिली. चॅसिस क्रमांकाचा पेन्सिलने ठसा घेतला, मागचे दिवे, इंडिकेटर आणि ब्रेक तपासले, हुकाची साखळी हाताने ओढून पाहिली आणि शेरा दिला. त्या माणसाविषयी माझ्या मनात आजही आदर आहे. फाईल पुढच्या टेबलावर गेली, आणि तिथे तिचे पाऊल थांबले.

‘वाहन’ या नोंदणीच्या संगणक प्रणालीत नोंद भरणाऱ्या कारकुनांनी पडद्याकडे पाहत विचारले, “काका, इंजिन नंबर कुठाय?” मी सांगितले की या वाहनाला इंजिनच नाही, ते ओढून न्यायचे आहे. “मग इंजिन नंबर टाकल्याशिवाय पान पुढे सरकत नाही,” असे उत्तर आले. मी पुढच्या वेळी कारखान्याचे पत्र आणले, त्यात इंजिन नसल्याचे लेटरहेडवर शिक्क्यासह लिहून घेतले होते. तेव्हा अडचण इंजिनाची राहिली नाही, वर्गाची झाली: ट्रेलर म्हणजे मालवाहू, म्हणजे व्यावसायिक, म्हणजे पिवळी पाटी आणि ठरावीक काळाने फिटनेस. मी म्हणालो, “साहेब, यात माल भरत नाही, भाड्याने देत नाही, यात आम्ही दोघे रात्री झोपतो.” त्यांनी फाईल बंद करून माझ्याकडे सरकवली आणि मागच्या माणसाला पुढे बोलावले.

यानंतर जे सुरू झाले, त्याला मी अडवणूक असेच म्हणेन, मग त्यामागे हेतू असो किंवा केवळ कंटाळा. एका टेबलाने सांगितले की कर विभागाकडून शेरा आणा. कर विभागाने सांगितले की वर्ग ठरल्याशिवाय कर काढता येत नाही. वर्ग ठरवणाऱ्या टेबलाने सांगितले की मुंबईहून मार्गदर्शन मागवले आहे. ते पत्र खरोखर गेले आहे का, त्याचा जावक क्रमांक काय, हे विचारले की संबंधित माणूस रजेवर असे. राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले, त्याची छापील प्रत मी फायलीला जोडली होती. ती कोणी उघडून पाहिली नाही. आमच्या गावापासून ते कार्यालय सकाळच्या पहिल्या एसटीने गाठायचे, दुपारच्या सुट्टीपर्यंत बाकावर बसायचे आणि संध्याकाळी तोच गठ्ठा काखेत घेऊन परत यायचे, हे इतक्या वेळा झाले की बाहेरच्या चहावाल्यालाही आमची कॅरॅव्हॅन ओळखीची झाली.

याच दरम्यान एका एजंटाने मला बाजूला घेऊन सुचवले, “काका, मालवाहू म्हणून टाकून घ्या. आठवड्यात आरसी हातात देतो.” मी नकार दिला, आणि त्या नकाराचा मला अभिमान आहे. चुकीच्या वर्गात नोंद झाली असती, तर विमाही त्याच वर्गाचा घ्यावा लागला असता, आणि एखाद्या अपघातानंतर वाहनाचा प्रत्यक्ष वापर आणि कागदावरचा वापर वेगळा निघाला की दावा कोणत्या खड्ड्यात जातो, हे सांगायला तो एजंट तिथे नसतो. सौ. म्हणाली, “हिवाळा जाईल, पण कागद खरा असू दे.” हिवाळा खरोखरच गेला. दिवाळीपासून होळीपर्यंतचा जो काळ किनाऱ्यावर फिरण्यासाठी सर्वांत उत्तम, त्या सगळ्या काळात गाडी अंगणात पांघरूण घालून उभी होती, आणि मी रोज सकाळी तिच्या चाकांची हवा बघत असे.

अखेर मी बोलणे थांबवून लिहायला लागलो. कलम २(२८) चा उल्लेख करून, प्रत्येक टेबलाने काय सांगितले ते तारखांसह नोंदवून, नेमका कोणता वर्ग नाकारला जात आहे आणि का, याचे लेखी उत्तर मागणारा अर्ज आवक विभागात दिला आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित सेवा, त्यांची कालमर्यादा आणि अपिलीय अधिकारी यांची माहिती कार्यालयात फलकावर लावावी लागते; तो फलक शोधून, त्यावरील अपिलीय अधिकाऱ्यांचे पदनाम अर्जाच्या शेवटी प्रत म्हणून घातले. मला वाटते, आवाज चढवून जे झाले नसते ते त्या एका ओळीने झाले.

पुढच्या खेपेस नव्याने बदलून आलेल्या एका अधिकारी बाईंनी मला आत बोलावले. त्यांनी अर्ज पूर्ण वाचला, कारकुनांना संगणक आपल्याकडे वळवायला सांगितला आणि वाहनवर्गाची यादी माझ्यासमोर उघडली. त्या यादीत ‘कॅम्पर व्हॅन / ट्रेलर, प्रायव्हेट यूज’ असा वर्ग स्वच्छ लिहिलेला होता. तो निवडला, इंजिनाच्या रकान्यात ‘लागू नाही’ अशी नोंद गेली, कर निघाला, आणि मी आणलेल्या गठ्ठ्यापलीकडे एकही नवा कागद लागला नाही. मी त्यांचे आभार मानले, ते मनापासून होते. परंतु बाहेर आल्यावर पायरीवर बसलो तेव्हा आनंदाच्या आधी राग आला, कारण इतका काळ ज्या यादीत आमचे उत्तर होते ती यादी कोणी खालपर्यंत सरकवून पाहिलीच नव्हती.

म्हणून माझे पहिले आणि आग्रहाचे सांगणे असे, की फाईल देतानाच या वर्गाचे नाव अर्जासोबतच्या पत्रात ठळक लिहा आणि यादी आपल्यासमोर उघडायची नम्र विनंती करा. खाजगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांसाठी होते, त्यामुळे ही एक खेप नीट झाली की पुढे बराच काळ निश्चिंती असते. त्याहून आधीची गोष्ट म्हणजे, कारखान्याला आगाऊ रक्कम देण्यापूर्वी त्या मॉडेलच्या चाचणी मान्यतेची प्रत मागा. ती ज्यांच्याकडे नसेल, त्यांच्याकडून कितीही सुंदर गाडी घेऊ नका, कारण निरीक्षकांच्या पुढे ती गाडी जाणारच नाही.

ओढण्याबद्दल सांगायचे तर शिकण्यासारख्या गोष्टी थोड्या आहेत, पण त्यातली एकही टाळता येत नाही. हुकावर येणारे वजन कॅरॅव्हॅनच्या एकूण वजनाच्या ५ ते ७ टक्के असावे. आमच्या गाडीसाठी ते ५० ते ७० किलो होते, आणि घरातला वजनकाटा हुकाखाली ठेवून ते मोजता येते. मागच्या बाजूला जड सामान भरले की हे वजन कमी होते आणि वेग वाढताच गाडी मागून डोलू लागते. तसे झाल्यास ब्रेकवर पाय न मारता अॅक्सिलरेटर हळू सोडावा आणि स्टिअरिंग सरळ धरावे. पाण्याची टाकी भरून निघण्याचे कारण नाही, ६० लिटर पाणी म्हणजे ६० किलो वजन, आणि कोकणात मुक्कामी विहीर असतेच.

वळणावर कॅरॅव्हॅनची चाके मोटारीपेक्षा आतून जातात. आमच्याकडच्या रस्त्यांना कडेला चिऱ्यांचे गडगे असतात, त्यामुळे वळण नेहमीपेक्षा रुंद घ्यावे लागते. घाट उतरताना ज्या गिअरमध्ये तो चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरावा आणि ब्रेक सतत दाबून धरू नये. कशेडीचा बोगदा झाल्यापासून राष्ट्रीय महामार्ग ६६ वरील तो चढ टळला आहे, परंतु कुंभार्ली आणि आंबा घाटांत हा नियम आजही पाळावाच लागतो. मागे एसटी आली की पुढच्या रुंद जागी बाजूला थांबून तिला जाऊ द्यावे. चालकही हात करतात आणि आपलाही जीव हलका होतो. वाळूवर मात्र कॅरॅव्हॅन कधीही उतरवू नये, मग गुहागरची पुळण कितीही घट्ट दिसो.

दाभोळ–धोपावे किंवा जयगड–तवसाळ येथील फेरीबोटीने, जिला आमच्याकडे जंगल जेट्टी म्हणतात, कॅरॅव्हॅन नेता येते, पण आदल्या दिवशी भरती-ओहोटीची वेळ विचारून घ्यावी. पाणी फार उतरलेले असताना फळीचा उतार तीव्र होतो आणि कॅरॅव्हॅनचे मागचे टोक जमिनीला घासते. बोटीवरच्या मुलांना आधी सांगितले की ते कडेची जागा देतात.

मुक्कामासाठी गणपतीपुळे, वेळणेश्वर, तारकर्ली येथील एमटीडीसीच्या निवासांत आधी फोन करून विचारावे. आम्हाला अधिक आवडतात ती लोकांची अंगणे. वीज घेण्यापूर्वी अर्थिंग तपासावे. आणि गाडी माडाखाली उभी करू नये, हे कितीही आग्रह झाला तरी यजमानांना स्पष्ट सांगावे, कारण नारळ छतावर पडला की पत्रा जातो.

पावसाळ्यात हँडब्रेक ओढून ठेवू नये, कारण दमट खाऱ्या हवेत ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटून बसतात. चाकांना ओंडके लावावेत. प्रत्येक किनारी सहलीनंतर चॅसिस गोड्या पाण्याने धुवावी, हुकाच्या गोळ्याला ग्रीस लावावे. विमा मोटारीचा आणि कॅरॅव्हॅनचा वेगळा असतो, दोन्ही कागद जवळ ठेवावेत. नाक्यावर कॅरॅव्हॅनची पीयूसी मागितली गेल्यास वाद घालू नये. आरसीवरील इंधनाच्या रकान्यात ‘लागू नाही’ असे छापलेले असते, ते बोटाने दाखवले की झाले, आणि आजवर प्रत्येक हवालदाराने ते वाचून आम्हाला पुढे जाऊ दिले आहे.