टायफॉइडची वंशावळ

पाऊस सुरू झाला की आमच्या लॅबमध्ये विडालची रांग लागते. खानापूर, येळ्ळूर, हिंडलगा, कुठून कुठून माणसं येतात, ताप दोनच दिवसांचा असतोय पण "विडाल करून टाका हो" हे ठरलेलं. आता विडाल म्हणजे काय, रक्तात टायफॉइडविरुद्धच्या अँटीबॉडी हायत का एवढंच बघणं, त्या मागच्या तापाच्या असतील, दुसऱ्याच कुठल्या जंतूमुळं वाढलेल्या असतील. माझं भांडण वेगळंच हाय, त्यात जंतू हातात येतच नाही, मग कुठलं औषध चालणार तेही कळत नाही आणि तो आला कुठून ते तर नाहीच नाही.

कुठून आला ते जीनोम, म्हणजे जंतूच्या डीएनएची सगळी अक्षरं, वाचून कळतंय. आपल्याकडं सुगी झाली की बैलावर बसून हेळवी यायचे बघा, तुमचा मूळ पुरुष कोण, कुठल्या गावातनं उठून इथं आला, कुठल्या पोराची शाखा कुठं गेली, सगळं घडाघडा सांगायचे, तसलंच हे काम. टायफॉइडच्या जंतूच्या जीनोममध्ये साधारण 48 लाख अक्षरं, आणि वर्षा-दोन वर्षांत त्यातलं एखादंच बदलतं. तेच बदल ज्यांच्यात सापडले ते भाऊबंद. आणि हा जंतू फक्त माणसातच राहतोय, म्हणजे त्याची वंशावळ काढली की माणसं कुठून कुठं गेली तेच निघतं.

असं काढत गेल्यावर सापडलं एच 58 नावाचं घराणं. 1980 च्या दशकात आपल्याच दक्षिण आशियात कुठंतरी उपजलं आणि इथनं आग्नेय आशिया, आफ्रिका सगळीकडं पसरलं. 2022 च्या एका मोठ्या अभ्यासात 7,658 जीनोम तपासले, त्यात दिसलं की 1990 पासून औषधांना न जुमानणारे टायफॉइडचे जंतू निदान 197 वेळा एका देशातनं दुसऱ्या देशात गेलेत. व्हिसा नाही काय नाही. (आणि आपण अजून सीमेचाच वाद घालत बसलोय.)

औषधांची गोष्ट तर अजून मजेशीर हाय. क्लोरॅम्फेनिकॉल हे टायफॉइडचं एकेकाळचं हुकमी औषध, 1972 मध्ये केरळात आणि मेक्सिकोत ते चालेनासं झालं. पुढं सिप्रो, म्हणजे सिप्रोफ्लॉक्सॅसिन, आलं, सगळ्यांनी पोटभर खाल्लं, तर जायरए नावाच्या जीनमध्ये एक अक्षर बदलून जंतूनं त्यालाही दाद द्यायचं सोडलं. हे आमच्या प्लेटवर सरळ दिसतंय, जंतू वाढवलेल्या प्लेटवर औषधाच्या चकत्या म्हणजे डिस्क ठेवतात, औषध चाललं तर भोवती जंतू वाढत नाही. तर पेफ्लॉक्सॅसिनच्या (हे सिप्रोचंच भाऊबंद) डिस्कला चिकटून जंतू वाढलेला, आणि शेजारच्याच क्लोरॅम्फेनिकॉलच्या डिस्कभोवती भला मोठा स्वच्छ गोल. जुनं औषध वापरायचं बंद झालं आणि भारतात तरी त्याचा प्रतिकार पुष्कळ कमी झाला. नवीन पोरं ती प्लेट बघून म्हणतात, सर, डिस्क उलट्या ठेवल्या काय?

खरी धास्ती सिंधची. 2016 च्या शेवटी पाकिस्तानातल्या हैदराबादेत टायफॉइडची साथ आली, त्यात सेफ्ट्रिॲक्झोनचं इंजेक्शनसुद्धा चालेना, तोंडावाटे द्यायला ॲझिथ्रोमायसिन तेवढं उरलं. जीनोम बघितला तर घराणं तेच एच 58, पण बाहेरनं एक प्लाझ्मिड उचललेला, म्हणजे डीएनएचं एक सुटं कडं, बहुतेक आतड्यातल्या ई. कोलाय नावाच्या जंतूकडनं आलेलं. एका अक्षराच्या चुकीला वर्षं लागतात, हे असं कडं मात्र एका झटक्यात मिळतंय. तिथल्या पोरांना मग जी लस टोचली ती बनलेली आपल्या हैदराबादेत, हे फार कमी लोकांना माहीत असतंय.

आमच्याकडं सेफ्ट्रिॲक्झोनचा गोल अजून चांगला पडतोय. पण ते बघायला आधी ब्लड कल्चर, म्हणजे रक्त बाटलीत घालून त्यातला जंतू वाढवायची तपासणी, यायला पाहिजे की नाही? रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात म्हटलं की निम्मी माणसं परत फिरतात, आणि जे थांबतात ते आधीच मेडिकलमधनं चार गोळ्या खाऊन आलेले असतात, मग बाटलीत काय वाढणार, डोंबल? जंतू वाढला नाही तर जीनोम कशाचा वाचायचा, म्हणजे त्या वंशावळीत आपल्या भागाचं पान कोरंच. त्यामुळं आता रक्त काढायच्या आधी मी काउंटरवरच विचारतो, मावशी, गोळी घेतलीय काय, कुठली घेतली, पाकीट आणलंय काय.