कॉसमॉसला थोडा धाक

रविवार. गौरी-गणपती आटोपले.

पाऊस उघडला म्हणून सकाळ अंगणातच गेली. तेरडा उताराला लागलाय. खालची पानं पिवळी पडलीत आणि देठाशी टपोऱ्या, लवदार शेंगा लोंबतायत. बोट लावायचा अवकाश, शेंग फटकन फुटते, साल आत वळते आणि बिया हातभर उडतात. जिथे पडतील तिथे पुढच्या पावसाळ्यात उगवतील, मी फक्त दाटी झाली की रोपं उपटायची. आमच्याकडे कोकणात तेरड्याच्याच गौरी, त्याही मुळांसकट, कारण मुळं म्हणजे गौरीची पावलं. त्यामुळे नर्सरीत तेरडा विकायला ठेवलेला पाहिला की मला अजून गंमत वाटते.

ऑफिस टाइम नावाच्या फुलझाडाचं तर काहीच करावं लागत नाही. काडी मोडून खोचली की लागते. ऊन मात्र कडक हवं, ढगाळ दिवशी बाईसाहेब उघडत नाहीत.

प्रश्न आहे तो केशरी कॉसमॉसचा. पाणी विसरा, खत विसरा, फुलतोच. बी काळपट, सुईसारखं, टोकाला आकडे. आज साडीच्या काठाला चिकटलेलं एकेक काढत बसले होते. हेच बी कुंपण ओलांडून जातं. पावसाळ्याच्या शेवटी पुण्याच्या आसपास रस्त्याच्या कडेला, टेकड्यांवर जो केशरी-पिवळा बहर दिसतो, त्यात बराचसा हाच असतो. लोक सोनकी समजून फोटो काढतात. हा मूळचा मेक्सिकोचा, आणि आपल्या रानफुलांची जागा खातो. म्हणून यंदा ठरवलंय, पाकळ्या गळल्या की बी धरायच्या आत बोंडं कापायची. त्यानं नवी फुलंही जास्त येतात. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, फुलझाडाला कसला धाक?" असू दे.

झेंडूही मेक्सिकोचाच म्हणा, पण त्याच्याशिवाय दसरा कसला! तो असा रानोमाळ सुटतही नाही. यंदा तोरणाला गावठी झेंडूच घ्यायचा, कारण हायब्रीडच्या बियांतून तशीच फुलं येतील याचा भरवसा नाही. तोरण दारावरच वाळू द्यायचं, मग पाकळ्या ओढून बुडाशी येणाऱ्या काळ्या काड्या पेरायच्या. रोपं वीतभर झाली की शेंडे खुडायचे. शेणखत बेतानंच, नाहीतर नुसता पाला माजतो. कुंड्या उद्या उन्हात काढते.