पालथं झोपवलं की आजी चिडतात

एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, एखादं बाळ पालथं घातलेलं दिसलं की काचेपलीकडची आजी हमखास दार वाजवते. "अहो सिस्टर, गुदमरेल ना पोरगं, सरळ करा त्याला!" आजीचं तसं काही चुकत नाही, बाळाला पाठीवर झोपवा असं आम्हीच सगळ्या आयांना सांगत असतो. पण खालचा जबडा लहान घेऊन आलेल्या बाळाचं उलटं असतं. जबड्यात जागाच नाही म्हटल्यावर जीभ मागे सरकते आणि घसा बंद करते, पाठीवर असलं की जास्तच. पालथं घातलं की जीभ आणि जबडा आपल्याच वजनाने पुढे येतात आणि मॉनिटरवरचा ऑक्सिजनचा ८२-८४ चा आकडा हळूहळू पंचाण्णवच्या वर जातो, तो बघितला की आजी गप्प. (हे सगळं मॉनिटर लावून हां, घरी मनाने करायचं नाही.)

याला पिएर रोबँ सिक्वेन्स म्हणतात, १९२३ साली या नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी त्यावर लिहिलं होतं. साधारण आठ ते चौदा हजार जन्मांत एक असं बाळ, म्हणजे छोट्या नर्सिंग होममध्ये वर्षानुवर्षं दिसतच नाही, आणि मग एक दिवस दिसतं तेव्हा सगळे "हनुवटी जरा बारीक आहे" म्हणून पुढे जातात. बऱ्याच जणांची तोंडातली टाळूही उघडी असते. पोटात सात ते अकरा आठवड्यांच्या सुमारास जबडा वाढत नाही, त्यामुळे जीभ वरच अडकून बसते आणि टाळूचे दोन भाग जुळायला तिच्यामुळे वाटच मिळत नाही.

हे मी आईला मुद्दाम सासूबाईंसमोर सांगते. कारण तोवर "ग्रहणात विळी घेऊन बसली होतीस ना" हे ऐकून ऐकून ती बाई अर्धी झालेली असते, ओली बाळंतीण, टाके दुखतायत, दूध पंपाने काढतेय आणि वर हे. अहो, ज्या आठवड्यांत हे घडतं तेव्हा कित्येकींना दिवस राहिलेत हे नुकतंच कळलेलं असतं! काही बाळांत जनुकांचा भाग असतो, पण विळीचा नसतो, एवढं नक्की.

नातेवाईक हनुवटी बघतात, आम्ही बरगड्यांखाली पडणारा खड्डा बघतो. घुरघुर थांबली म्हणून खूश व्हायचं नाही, छाती जोरात हलतेय आणि आवाजच नाही म्हणजे हवा आत जातच नाहीये. आणि नुसता ऑक्सिजन लावून बसण्यातही अर्थ नाही, आकडा छान दिसतो पण आत कार्बन डायऑक्साइड साठत राहतो, म्हणून सारखं रक्त काढून ब्लड गॅस बघतात.

पालथं घालून भागलं नाही तर नाकातून नळी. वेगळं काही महागडं नाही, बहुतेक वेळा श्वासनलिकेत घालायचीच ३ किंवा ३.५ नंबरची नळी कापून आखूड करतात, नाकपुडी ते कान असं अंतर मोजून, आणि टोक जिभेच्या मुळामागे येईल अशी बसवून गालाला चिकटवतात. थोडी आखूड पडली तर उपयोग शून्य, लांब गेली तर बाळाला उबळ. मग दर थोड्या वेळाने सलाईनचा थेंब टाकून सक्शन, म्हणजे यंत्राने शेंबूड ओढून काढायचा, कारण शेंबडाचा एक खडा अडकला तरी आपली सगळी मेहनत पाण्यात. पट्टीखाली गालाची कातडी सोलवटते तेही बघायचं. आई हे सगळं शिकते, आणि खरं सांगू का, चार-पाच दिवसांत आमच्या नव्या मुलींपेक्षा हलक्या हाताने करते.

दुधाचं मात्र सगळ्यात अवघड. ओढायला जोर नाही, टाळू उघडी असली तर तोंडात दाबच तयार होत नाही, आणि प्यायचं की श्वास घ्यायचा यात बाळ दमून जातं. घरची माणसं बोंडलं घेऊन येतात, बाळाला आडवं धरून ओततात, आणि दूध घशात जिथं जायला नको तिथं जातं. बोंडल्यावर माझा राग नाही, आडवं धरण्यावर आहे. कुशीवर किंवा उभं धरून, घोट घोट. अर्ध्या तासाच्या वर फीड चाललं तर प्यायलेलं सगळं प्यायच्या कष्टातच जातं, त्यापेक्षा उरलेलं नळीने पोटात सोडा. "नळी लावली म्हणजे बाळ सिरीयस" असं काही नाहीये. रोज वीस-तीस ग्रॅम वजन वाढतंय ना, मग नळीला कशाला नावं ठेवायची?

एवढं करूनही श्वास सुधारला नाही तर ऑपरेशन. जबड्याचं हाड दोन्ही बाजूंनी कापून त्यात यंत्र बसवतात आणि स्क्रू फिरवून दिवसाला १-२ मिलिमीटर जबडा पुढे आणतात, मधल्या फटीत नवं हाड भरतं, ते पक्कं होईपर्यंत यंत्र काही आठवडे आतच. ऐकून बाबा लोकांना घेरी येते. पण गळ्याला भोक पाडण्याची वेळ टळणार असेल तर मला हे बरं वाटतं. सगळ्यांना लागत नाही, पुष्कळ बाळं नाकातल्या नळीवर काही महिने काढतात आणि वाढता वाढता सुटतात.

घरी सोडताना मी मागे लागते ते डोळे आणि कान तपासायला. यातल्या काहींना स्टिकलर सिंड्रोम नावाचा जनुकांचा आजार असतो, त्यात चष्म्याचा नंबर मोठा आणि डोळ्याचा पडदा सुटायची भीती, कानालाही कमी ऐकू येऊ शकतं. टाळूचं ऑपरेशन साधारण वर्षाच्या आसपास, आणि त्यासाठी जिल्हा रुग्णालयात आरबीएसकेकडे (सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम) नोंद करा, दुभंगलेली टाळू त्या यादीत आहे, पैसे नाहीत म्हणून घरी बसू नका. पुढे कुठलंही ऑपरेशन असो, अगदी हर्नियाचं, भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगायचं की याच्या घशात नळी घालणं अवघड आहे. डिस्चार्ज कार्डाचा फोटो आई, बाबा, मामा सगळ्यांच्या मोबाईलमध्ये पाहिजे. आणि गावी जाणार असाल तर सक्शनचं यंत्र पायाने चालणारं घ्या, लाईटचा काय भरवसा!