राइक्सम्युझियममध्ये सहकुटुंब: थोडंच बघा, पण थांबून बघा

सुट्टीत केउकेनहॉफच्या ट्युलिपबागा बघायला नेदरलँड्सला जाणार असाल, तर ॲमस्टरडॅममधला एक अख्खा दिवस राइक्सम्युझियमसाठी, म्हणजे तिथल्या राष्ट्रीय कलासंग्रहालयासाठी, राखून ठेवा. तिथे साधारण ८,००० वस्तू मांडलेल्या असतात, त्यामुळे सगळं बघायचा हट्ट धरलात तर काहीच नीट बघून होत नाही. आम्ही चौघं होतो: नवरा, शाळकरी लेक, सासूबाई आणि मी. काय बघायचं ते आदल्या रात्रीच ठरवून ठेवलं होतं आणि त्याचा फार फायदा झाला.

म्युझियम वर्षाचे ३६५ दिवस सकाळी ९ ते ५ उघडं असतं. तिकीट वेबसाइटवर वेळ निवडून आधीच काढा, तेही शक्यतो ९ चं. १८ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश मोफत आहे. इमारतीच्या पोटातून सायकलींचा रस्ता जातो आणि म्युझियमचे दरवाजे त्याच बोगद्यात आहेत. तिथे मुलांचा हात सोडू नका, सायकलवाले जोरात येतात. मोठ्या बॅगा आत नेता येत नाहीत, त्या सामानघरात ठेवाव्या लागतात. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांसाठी लिफ्ट आहे आणि मागितली तर व्हीलचेअरही मिळते. सासूबाई आधी नको म्हणाल्या, पण दुपारी त्यांनीच मागून घेतली.

आत गेल्यावर थेट दुसऱ्या मजल्यावर 'गॅलरी ऑफ ऑनर'मध्ये जा. बहुतेक लोक तडक रेम्ब्रां या सतराव्या शतकातल्या डच चित्रकाराच्या 'नाईट वॉच' या चित्राकडे जातात. तुम्ही आधी त्याच काळातल्या व्हर्मीर या चित्रकाराकडे वळा. त्याचं 'मिल्कमेड' जेमतेम ४५ सेंटिमीटर उंचीचं आहे, त्यामुळे पुढे माणसांची रांग लागली की काही दिसत नाही. सकाळी मात्र अगदी जवळ जाता येतं. मोलकरीण मातीच्या भांड्यात दूध ओततेय, एवढंच चित्र. पण मागच्या पांढऱ्या भिंतीकडे बघा. तिच्यावर एक खिळा आहे, त्या खिळ्याची बारीक सावली आहे, उपटलेल्या खिळ्यांची भोकं आहेत. पावाच्या कडेवर उजेडाचे पांढरे ठिपके आहेत. रिकाम्या भिंतीवर एवढी माया करणारा चित्रकार मी दुसरा पाहिलेला नाही.

मग रेम्ब्रांचं 'ज्युईश ब्राइड'. त्यातल्या पुरुषाच्या सोनेरी बाहीपाशी थांबा. रंग इतका जाड थापलाय की बाजूने पाहिलं की त्याचे उंचवटे दिसतात. १८८५ मध्ये ही इमारत नवी असताना चित्रकार व्हॅन गॉग इथे आला होता. या चित्रापुढे पंधरवडाभर नुसत्या कोरड्या पावावर बसायला मिळालं तर आयुष्यातली दहा वर्षं देईन, असं तो सोबतच्या मित्राला म्हणाला होता.

१६४२ चं 'नाईट वॉच' शेवटी बघितलं तरी चालतं, ते एवढं अवाढव्य आहे की गर्दीच्या डोक्यांवरूनही दिसतं. १७१५ मध्ये टाऊन हॉलच्या भिंतीवर मावावं म्हणून ते चारी बाजूंनी कापलं, डावीकडे सगळ्यात जास्त. मुलांना हे आधी सांगून ठेवा. लेक काय काय कापलं गेलं असेल ते शोधत बसली, एरवी ती तिथे दोन मिनिटंही थांबली नसती. २०१९ पासून या चित्राचा अभ्यास आणि जतनाचं काम लोकांसमोरच, काचेच्या दालनात चालतं.

त्याच मजल्यावर पेट्रोनेला ऊर्टमनचं बाहुलीघर आहे, सतराव्या शतकाच्या शेवटचं. लहान मुलं असतील तर इथे मनासारखा वेळ द्या. आतली इवलीशी चिनीमातीची भांडी खास चीनहून करवून घेतलेली आहेत, आणि सगळ्या घराचा खर्च कालव्याकाठच्या खऱ्याखुऱ्या घराइतका आला होता. हे मोठ्या बाईने स्वतःच्या हौसेसाठी करून घेतलं होतं, हे लेकीला फार आवडलं.

जेवणासाठी बाहेरची बाग उत्तम, तिथे तिकीट लागत नाही. आम्ही दशम्या आणि चटणी तिथेच खाल्ली. आत कॅफे आहे, पण दुपारी तिथे रांग असते.

दुपारी एशियन पॅव्हिलियनमध्ये नक्की जा. पाण्याने वेढलेली ही छोटी इमारत बरेच जण चुकवतात. तिथे चोळकाळातला नटराज उभा आहे, दीड मीटरहून उंच, आतून भरीव ओतलेला. देवळात मूर्ती वस्त्रं-हारांनी झाकलेली आणि लांबून दिसते. इथे तिच्याभोवती फिरता येतं, पाठीचा डौलही दिसतो. डमरू कुठला, अग्नी कुठला, पायाखाली कोण, हे सासूबाईंनी नातीला सांगितलं. म्हणूनच आजी-आजोबांना बरोबर न्या, असं मी आवर्जून सांगेन. अर्थात ही मूर्ती आपल्या देवळापासून एवढ्या लांब का, हा प्रश्नही तिथेच पडतो, आणि मुलांशी त्यावर मोकळेपणाने बोलावं.

व्हॅन गॉग म्युझियम पलीकडेच चालत जाण्याच्या अंतरावर आहे. त्याची तिकिटं फक्त ऑनलाइन मिळतात. ती दुसऱ्या दिवशी सकाळची काढा, एकाच दिवशी दोन्ही नको.