आंबोलीतील मलबारी चापडा: पावसाळी प्रवासाचा वृत्तांत आणि जाणाऱ्यांसाठी काही सूचना

भर जुलैत आंबोली गाठण्यामागे आमचा एकच हेतू होता: मलबारी चापडा हा विषारी साप त्याच्या स्वतःच्या जागी, कोणीही न हलवलेला असा पाहणे. सावंतवाडी तालुक्यातील हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या कड्यालगत वसले आहे. मोसमी वारे येथेच अडत असल्यामुळे राज्यातील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत आंबोलीची गणना होते. पावसाळ्यात ओढ्यांच्या काठी बेडकांची रेलचेल असते आणि चापड्याच्या आहारात बेडकांना मोठे स्थान असल्याने आमच्या वाटाड्याने रानात दूरवर न नेता आम्हाला पाण्याच्या कडेकडेनेच फिरवले.

पहिला साप अंधार पडल्यावर एका झुडपाच्या फांदीवर, साधारण कमरेच्या उंचीवर दिसला. शेपटीचा घट्ट वेढा फांदीला, मान आखडून घेतलेली आणि तोंड खाली पाण्याच्या दिशेने. तो शेवाळी हिरवा होता व पाठीवर गडद तपकिरी नागमोडी ठिपके होते. थोडे पुढे खडकावर बसलेला दुसरा मात्र विटकरी तपकिरी होता. हे दोन्ही एकाच जातीचे. पिवळे आणि नारिंगी चापडेही आढळतात, त्यामुळे केवळ रंगावरून ओळख ठरवणे धोक्याचे आहे. शिवाय आंबोलीत बांबूवर राहणारा हिरवा चापडाही आहे. साप चापडा आहे का, हे ठरवण्यासाठी त्रिकोणी डोके, बारीक मान, डोळ्याची उभी बाहुली आणि डोळा व नाकपुडी यांच्यामध्ये असलेली खाच पाहावी. उष्णतेतील अगदी सूक्ष्म फरक टिपणाऱ्या या खाचेमुळे काळोखातही त्याला भक्ष्याचा अंदाज येतो.

ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ जर्डन यांनी १८५४ साली शास्त्रीय वर्णन केलेली ही जात पश्चिम घाटाबाहेर कोठेही आढळत नाही. बहुतेक साप हातभर ते दोन हात लांबीचे दिसतात. मीटरभर लांबीचा क्वचितच. मादी अंडी न घालता पिल्लांनाच जन्म देते. बेडकांखेरीज पाली, चिचुंद्र्या, उंदीर आणि लहान पक्षीही त्याच्या आहारात असतात. तो भक्ष्याच्या मागे धावत नाही, तर एकदा जागा निवडली की तेथेच दबा धरून बसतो. दुसऱ्या संध्याकाळी तोच हिरवा साप त्याच फांदीवर, जवळजवळ त्याच बैठकीत आढळला, तेव्हा या संयमाची खरी कल्पना आली.

म्हणूनच त्या रात्री पाहिलेली एक गोष्ट मनाला फार लागली. छायाचित्रकारांच्या एका गटाने फांदी वाकवून, मागची पाने तोडून, काठीने सापाचे तोंड कॅमेऱ्याकडे वळवले. साप चावला नाही, पण जागा सोडून निघून गेला. अनेक तास एका जागी थांबून शिकारीची वाट पाहणाऱ्या प्राण्याची ती जागा हिरावून घेणे म्हणजे त्याचे पोट हिरावून घेणे आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यानेही सापांना हाताळण्यास मनाई आहे. लांब पल्ल्याची मॅक्रो लेन्स वापरावी, फ्लॅशचा मारा टाळावा आणि दोनचार छायाचित्रे झाली की पुढे निघावे.

सावंतवाडी रेल्वे स्थानकावर उतरून किंवा बेळगावहून एसटीने आंबोलीस पोहोचता येते. स्वतःची गाडी असल्यास रात्री घाटात आणि जवळच्या चौकुळ गावाच्या रस्त्यावर अगदी सावकाश चालवावे, कारण पावसात साप व बेडूक रस्त्यावर येतात आणि चाकाखाली सापडतात. स्थानिक वाटाड्या घ्यावाच. रानात शिरण्यापूर्वी वनखात्याच्या परवानगीची चौकशी त्याच्याकडेच करावी. गुडघ्यापर्यंतचे गमबूट, लांब रेनकोट आणि दोन विजेऱ्या सोबत हव्यात. छत्रीमुळे एक हात अडकतो आणि निसरड्या वाटेवर दुसरा हात नकळत फांदीकडे जातो. फांदी, दगड किंवा कठडा विजेरीने पाहिल्याशिवाय धरू नये, ही मी सर्वांत महत्त्वाची सूचना मानतो. जळवा लागतीलच, पण त्यांना घाबरून मध्येच वाटेत बसू नये.

चापड्याच्या दंशाने मृत्यू क्वचितच होतो. तरीही तीव्र वेदना व सूज येते आणि दंशाकडे दुर्लक्ष करणे योग्य नाही. आपल्याकडील सर्वसाधारण प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर बेतलेले असते, त्यामुळे ते येथे उपयोगी पडेलच असे गृहीत धरता येत नाही. जखम कापू नये, चोखू नये, आवळपट्टी बांधू नये. अंगठी व घड्याळ लगेच काढावे, तो अवयव शक्यतो हलू देऊ नये आणि विनाविलंब सावंतवाडीचे रुग्णालय गाठावे. धुके आणि ओल्या वळणांमुळे या घाटउतारास नेहमीपेक्षा बराच अधिक वेळ लागतो, म्हणून रात्री फिरताना गाडी आणि चालक तयार ठेवूनच बाहेर पडावे.