किती येतो तुमच्याकडे?

मे महिन्यात अमळनेरात भरदुपारी कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. अशा वेळी माणसं घरात बसून नको ते उद्योग करतात. माझा उद्योग इंटरनेटच्या स्पीड टेस्टचा. काटा सरसर वर चढून तीस एमबीपीएसच्या, म्हणजे सेकंदाला तीस मेगाबिटच्या, आसपास थरथरला की उगाच बरं वाटतं. डाउनलोड काय करायचंय? काही नाही.

परवा जर्मनीतल्या भाच्याचा फोन आला. सवयीनं विचारलं, "स्पीड किती येतो तुमच्याकडे?"

"पन्नास. चाळीस युरो पडतात, मामा."

मनातल्या मनात रुपये केले आणि त्या उकाड्यातही गार झालो. एवढ्या पुढारलेल्या देशात अजून कितीतरी घरांत इंटरनेट टेलिफोनच्या जुन्या तांब्याच्या तारेतून येतं. इथे विजेच्या खांबावरून फायबर लोंबतंय, ३९९ आणि वर जीएसटी, म्हणजे ४७१ रुपयांत.

मग देशोदेशीच्या स्पीडचे आणि दरांचे तक्ते बघण्यात अख्खी दुपार गेली. स्वित्झर्लंडची इनिट सेव्हन नावाची कंपनी २५ जीबीपीएसची, म्हणजे २५ हजार एमबीपीएसची, लाइन वर्षाला ७७७ फ्रँकमध्ये देऊ लागली, २०२१ पासून. माझ्या आठशे पट! फिनलंडनं तर २०१० मध्येच १ एमबीपीएस हा कायद्यानं हक्क करून टाकला. पण मला आवडला तो रोमानिया. तिथे पोरांनी या इमारतीवरून त्या इमारतीवर केबल ओढून गल्लोगल्ली नेटवर्कं उभी केली, चढाओढीत दर पडले आणि पुढे मोठ्या कंपन्यांनी ती विकत घेतली. आमच्या केबलवाल्या पोरांचेच भाऊबंद.

आमच्या गावात १९४५ साली विप्रोची तेलगिरणी निघाली, पण मी शाळेत होतो तेव्हा बाहेरच्या जगाशी संबंध म्हणजे एसटीडी बूथ. रात्री पाव दर सुरू झाला की रांग लागायची. काचेच्या खोक्यात लाल आकडे पळायचे आणि वडील मुंबईच्या काकांशी बोलताना काकांकडे कमी, आकड्यांकडे जास्त लक्ष द्यायचे. तब्येत, पगार, लग्नाची तारीख, ठेव. आजीला मात्र घाई माहीतच नव्हती. "बठ्ठा बरा शेतस ना?" अशी अहिराणीत सगळ्यांची खुशाली विचारून ती एकेकाचं नाव घ्यायची, गोठ्यातल्या गायीपर्यंत. वडील तिच्या लुगड्याचा पदर ओढत राहायचे. बूथवाला खूश.

म्हणून मला ते देशोदेशीचे तक्ते फारसे पटत नाहीत. एका घराला एक कनेक्शन, त्याचं बिल भागिले एमबीपीएस. आमच्याकडे वायफायचा पासवर्ड समोरच्या जिजींना माहीत आहे, त्यांच्या नातवाला आहे, नातवामुळे क्रिकेटच्या पूर्ण टीमला आहे. संध्याकाळी ओट्यावर पोरं ओळीनं माना खाली घालून बसलेली असतात. डोकी मोजून बिल वाटलं तर महिन्याला माणशी दोन-तीन कटिंग चहांच्या जवळपास येतं. रोमानियाची काय बिशाद!

भाच्याला हा हिशेब ऐकवला.

"मामा, तुमच्या करारात हे बसतं का?"

नसेल बसत. जिजींना कोण सांगणार?